चव्वेचाळीस दिवसांची सावड

पोशीरच्या पुढे ओढा ओलांडला की चौदा घरांची एक वाडी लागते. धोंडूबाईचा स्वभाव गोड आहे असं म्हणणारं माणूस त्या वाडीत शोधून सापडायचं नाही. पण आपला एक दिवस धोंडूबाईकडे अडकला आहे असं म्हणणारंही सापडायचं नाही. पहिल्या गोष्टीची तिने कधी फिकीर केली नाही. दुसरीवर ती आयुष्य काढत आली.

दिवस अडकणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण हल्ली ते वाडीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. भाताची लावणी एकट्याच्या हातून होत नाही. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात वाकायचं, उद्या मी तुझ्या खाचरात. पैसा नाही, कागद नाही, दिवसाला दिवस. ज्याचं काम असेल त्याने दुपारची भाकरी घालायची. याला सावड म्हणतात. घराचा वासा बदलायचा असो की कौलं फिरवायची असोत, नियम तोच. बाईच्या एका दिवसाला बाईचा एक दिवस, आणि बैलजोडीच्या एका दिवसाला बाईचे दोन. बैल दोन असतात म्हणून दिवस दोन, असं धोंडूबाईला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. आपण एका बैलाच्या तोडीच्या आहोत हे ऐकून तिला तेव्हा आनंदच झाला होता.

नवरा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. दीड एकर खाचर होतं आणि बैल नव्हते. तेराव्याच्या जेवणाला भाऊबंद म्हणाले, "काळजी करू नको, आमी हाव ना." धोंडूबाईने ते ऐकून घेतलं आणि चौदाव्या दिवशी चुलतदीर मालोजीच्या बांधावर जाऊन उभी राहिली. "भावजी, तुमच्याकडं लावणीला मी येते. मला तुमची जोडी द्या." आमी हाव ना म्हणणाऱ्यांपैकी पुढे कोणी फिरकलं नाही. मालोजीची जोडी मात्र दरसाल आली, कारण धोंडूबाईचे दिवस त्याच्या चिखलात आधीच पडलेले असत. उपकार करणाऱ्यापेक्षा देणं लागणारा माणूस भरवशाचा, हे ती तेव्हा शिकली.

पुढे बैल गेले. ओढ्याकडच्या जमिनींवर फार्महाऊसं उभी राहिली, चिखलणीला भाड्याचं यंत्र आलं, लावणीला रोजावरच्या बाया येऊ लागल्या. मालोजीने जोडी विकली, आणि बैलांबरोबर बैलांचे दिवसही विकले गेले असा त्याने समज करून घेतला. त्या साली धोंडूबाईचे चार दिवस त्याच्या खाचरात पडले होते. म्हणजे जोडीचे दोन दिवस त्याच्याकडे राहिले. धोंडूबाईने ते तोंडाने मागितले नाहीत. मागून घेतलेला दिवस सावडीचा नसतो, भिकेचा असतो, असं तिचं म्हणणं. फक्त मालोजीच्या घरावरून जाताना ती जरा हळू चालू लागली. आठ वर्षं ती तशी हळू चालत होती. लोकांना वाटलं, वय झालं.

गेल्या वर्षी एप्रिलात वावटळ उठली आणि परसातला फणस धोंडूबाईच्या घरावर आडवा झाला. चुलीकडची भिंत बसली, तीन वासे मोडले, निम्म्या कौलांचा चुरा झाला. धोंडूबाई पडवीत बसून वाट बघत राहिली. वाडीतल्या एकूण एका घरावर तिने कधी ना कधी कौलं चढवून दिली होती. माणसं आली, बघून गेली, जीव वाचला हे काय कमी म्हणाली. एकाने फणस तोडायला मदत केली आणि लाकूड घेऊन गेला. मालोजी तिसऱ्या दिवशी आला. तो आता एका फार्महाऊसवर वॉचमन होता. अंगात खाकी शर्ट, खिशाला शिट्टी.

"वैनी, आलो असतो गं कामाला. पण साहेब सोडत नाय. ड्यूटी हाय."

"कशाची राखण करता, भावजी?"

"घराची."

"कोन ऱ्हातं तिथं?"

"कोन नाय. शनवार-रव्वार येतात, ते बी कवा कवा."

धोंडूबाईने रिकाम्या घराची राखण करणाऱ्या दिराकडे पाहिलं आणि मग आपल्या मोडक्या घराकडे. "मग जावा. उशीर हुईल," एवढंच ती म्हणाली. तो वळल्यावर मात्र ती पदर तोंडात धरून रडली. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती, कारण तेव्हा तिला कोणी फसवलं नव्हतं.

मे महिन्यात मिशनवाले आले. ठाण्याकडच्या एका चर्चची ही मंडळी. दर सुट्टीत चार दिवस एखाद्या खेड्यात जाऊन पडकी घरं उभी करायची, असा त्यांचा नेम. अकरा माणसं, अकरा पिवळे टीशर्ट आणि सगळ्यांच्या पुढे ग्लॅडिस टीचर. टीचर शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हातात यादी, डाव्या गुडघ्याला पट्टा. पंचायतीतल्या प्रवीणने त्यांना वाडी फिरवून दाखवली आणि टीचरनी धोंडूबाईच्या घरासमोर थांबून यादीत पहिली खूण केली.

शेजारच्या मोतीबाईने लगेच येऊन बजावलं, "चार दिस राबतील आन् पाचव्या दिवशी तुझा धरम मागतील, बघ."

"भिंत तर उभी ऱ्हाऊ दे," धोंडूबाई म्हणाली. "मग बघू."

तरी तिने नकार कसा द्यायचा ते मनात घोकून ठेवलं. दुखवायचं नाही, पण ठाम राहायचं. चार दिवस झाले, मंडळी जायला निघाली, तरी कोणी तिला काही विचारलंच नाही. धोंडूबाईला थोडं वाईट वाटलं. एवढी तयारी केलेली, ती फुकट गेली.

पण कामाचं आधी. अकरांपैकी नऊ जणांनी घमेलं रस्त्याच्या कामावर, तेही गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. बँकेत नोकरी करणारी रिया माती तुडवायच्या खड्ड्याच्या काठावर बूट घालून अर्धा तास उभी होती. एका उंच तरुणाने कौलं आढ्यापासून खाली लावत आणायला घेतली. कौलं खालच्या कडेपासून वर चढवत न्यायची असतात हे वाडीतल्या शेळ्यांनाही ठाऊक असेल. धोंडूबाईने पहिला दिवस कसाबसा सोसला. दुसऱ्या दिवशी तिने पदर खोचला, रियाचा पाय घोट्याला धरून मातीत घातला आणि त्या तरुणाला शिडीवरून खाली बोलावलं. चौथ्या दिवशी भिंत उभी होती. कौलांच्या ओळी सरळ नव्हत्या, पण कौलं घरावर होती.

गोची झाली ती पहिल्या दुपारीच. सावडीची माणसं म्हणून धोंडूबाईने इकडून तिकडून पीठ गोळा करून तांदळाच्या तीस भाकऱ्या थापल्या होत्या आणि पातेलंभर सुकटीचं कालवण केलं होतं. मंडळींनी टेंपोतून आपापले डबे काढले. टीचर हात जोडून पुढे आल्या.

"आजी, आम्ही काही घेत नाही. आमचा नियमच आहे. ज्याच्या घरी काम करतो त्याच्याकडचं पाणीसुद्धा नाही."

काही न घेणारे धोंडूबाईने आयुष्यात दोनच पाहिले होते, एक देव आणि दुसरं सरकार. दोघेही पुढे सावकाशीने वसूल करतात असा तिचा अनुभव होता. तीस भाकऱ्या वाडीतल्या कुत्र्यांनी आणि मोतीबाईने मिळून संपवल्या. मोतीबाईच्या बोलण्यातली कटकट तेवढ्यापुरती कमी झाली.

निघताना धोंडूबाईने टीचरना बाजूला घेतलं. "अकरा मान्सं, चार दिस. किती झाले?"

"चव्वेचाळीस," टीचर क्षणात म्हणाल्या. म्हातारपणीही हिशेबाची गोडी असलेली बाई भेटली म्हणून त्यांना कौतुक वाटलं. आपण काय कबूल करून बसलो याची त्यांना कल्पना नव्हती.

ज्यांचे दिवस आपल्याकडे नव्हते ते राबून गेले, आणि ज्यांच्याकडे आपले दिवस होते ते शिट्टी वाजवत बसले. हे धोंडूबाईच्या मनातून जाईना. ज्यांनी बुडवलं त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. पण आपण बुडवणाऱ्यांतले नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मोतीबाईची नात हर्षला कर्जतला कॉलेजात जायची. तिच्या फोनवरून धोंडूबाईने टीचरना गाठलं.

"टीचर, तुमची लावणी कवा हाय?"

"आमच्याकडे शेती नाही, आजी."

"मग कौलं फिरवायची असतील."

"सिमेंटची बिल्डिंग आहे. चौथा मजला."

"भांडी?"

"बाई येते."

धोंडूबाईला त्या माणसांची कीव आली. कोणाचा दिवस घ्यायला त्यांनी आपल्या आयुष्यात जागाच ठेवली नव्हती.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, तेव्हा ती कोयता फडक्यात गुंडाळून हर्षलाबरोबर ठाण्याला गेली. चर्चच्या हॉलमध्ये कसलासा कार्यक्रम होता. धोंडूबाईने कोपऱ्यातला झाडू उचलला, तो तीन जणांनी मिळून तिच्या हातून काढून घेतला. तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. टीचरनी भाषण केलं. मग शाल, नारळ, केकचा डबा आणि तिच्या घराचा चौकटीतला फोटो. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. धोंडूबाई फेडायला गेली होती, वाढवून आली.

"मजा आली ना गं आजे?" नेरळला उतरल्यावर हर्षलाने विचारलं.

"गप ऱ्हा. कोयता फडक्यातनं निघाला सुदिक नाय."

आठवडाभराने तिने पुन्हा फोन लावायला सांगितला. "टीचर, सरळ विचारते. मी मेले आन् तुमचे दिस माझ्याकडं ऱ्हायले, तर कसं?"

टीचर हसायच्या बेतात होत्या, पण हसल्या नाहीत. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हिशेबात उरलेली बाकी चैन पडू देत नाही, आणि धोंडूबाईच्या आवाजात त्यांना तीच बेचैनी ऐकू आली. "मग असं करा," त्या म्हणाल्या. "पुढच्या कॅम्पला आमच्याबरोबर या. जिथे काम निघेल तिथे."

"कुनाच्या बी घरावर?"

"कुणाच्याही."

"येते," धोंडूबाई म्हणाली. पन्नास वर्षं सावड केलेल्या बाईने कोणाचं घर ते न विचारता शब्द दिला. एवढी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

कारण मे महिन्यात कॅम्प पुन्हा त्याच वाडीत ठरला आणि यादीत पहिलं नाव मालोजीचं निघालं. फार्महाऊसच्या साहेबाने चारी कोपऱ्यांना कॅमेरे बसवले होते, आणि कॅमेरे पगार मागत नाहीत. मालोजीने शिट्टी परत केली. त्याच्या घराचं आढं वाळवीने खाल्लं होतं, छप्पर मधोमध वाकलं होतं. मुलगा स्वप्नील खोपोलीत कारखान्यात होता. तो दर रविवारी फोनवरून मनापासून काळजी करायचा.

धोंडूबाईने दोन दिवस पडवीत बसून दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. गेली नाही तर दिलेला शब्द मोडतो आणि चव्वेचाळीस दिवस मानेवर राहतात. गेली तर ज्याने आपले दिवस गिळले त्याच्याच घरात आपले आणखी दिवस घालायचे. मोतीबाई म्हणाली, "पोटात दुखतंय म्हनून सांग." धोंडूबाईच्या पोटात खरंच दुखत होतं, पण ते कारण म्हणून सांगायची तिला लाज वाटली.

तिसऱ्या सकाळी ती मालोजीच्या अंगणात उभी राहिली. नऊवारी लुगड्यावर टीचरनी दिलेला पिवळा टीशर्ट, तोही ढगळ. पाठीवर काय लिहिलंय ते तिने हर्षलाला वाचायला लावलं.

"आनंदाने सेवा," हर्षला म्हणाली.

"आनंदानं असं मी कबूल केलं नव्हतं," धोंडूबाई म्हणाली आणि घमेलं उचललं.

काम मात्र तिने चोख केलं. कुठला वासा ठेवायचा, कुठला काढायचा हे टीचर तिलाच विचारू लागल्या. रियाने या खेपेला आपणहून बूट काढले. मालोजी नजर चुकवत अंगणात इकडून तिकडे फिरत होता आणि कोणी न सांगता लोकांच्या पायांखालचे खिळे वेचत होता.

दुपार झाली. पिवळ्या टीशर्टांनी डबे उघडले. मालोजीची बायको आनंदीबाई ताट घेऊन धोंडूबाईपुढे आली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांदा. पहाटेपासून राबलेल्या धोंडूबाईच्या पोटात आग पडली होती. तिने हात पुसले आणि टीचरच्याच चालीत म्हणाली, "आमी काय घेत नाय. नियम हाय आमचा."

टीचरना फार आनंद झाला. "बघा, किती लवकर शिकल्या," त्या रियाला म्हणाल्या. आनंदीबाईचा चेहरा मात्र उतरला. कामाची भाकरी नाकारायची म्हणजे घरधन्याला सांगायचं की बाबा, तुझ्याकडून फेड व्हायची नाही, तू राहू दे. साऱ्या वाडीला ते कानाखाली वाजवल्यासारखं ऐकू गेलं. मोतीबाई तर आपल्या ओट्यावरून ऐकण्यासाठी दोन पायऱ्या खाली उतरली होती.

आणि खोटं कशाला बोला, धोंडूबाईला गोड वाटलं. पोटात भूक होती, पण उंच ओट्यावर बसून खालच्या माणसांकडे बघावं तसं तिला वाटत होतं. काही न घेता देण्यात एवढी गोडी असते हे तिला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. ही माणसं एवढ्या लांबून उन्हातान्हात का येतात, तेही तिला त्या दुपारी थोडंफार कळलं.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाईने भाकरीवर तूप घातलं. नियम हाय. तिसऱ्या दिवशी कोंबडी कापली. नियम हाय. टीचरनी धोंडूबाईचं उदाहरण सगळ्यांना दिलं.

चौथ्या दिवशी ताट घेऊन मालोजी स्वतः आला. तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"वैनी, जेव."

"आमी काय..."

"नको म्हनूस तसं. तीन दिस झाले. लोकं मला भिकाऱ्याकडं बघावं तशी बघतात."

"मला बी तशीच बघत होती, भावजी. फणस पडला तवा."

मालोजीने मान खाली घातली. तो ताटातल्या भाकरीची कड सारखी करू लागला. "तुझे दिस हाईत माझ्याकडं," तो म्हणाला. "आट वर्सं हाईत. तू घरावरनं हळू चालायचीस ना, मला कळायचं. तेवढा वेळ मी दार लावून आत बसायचो."

धोंडूबाईच्या हातातली माती सुकत आली होती. आठ वर्षं आपण रिकाम्या रस्त्यावर हळू चालतो आहोत असं तिला वाटत होतं. तिला राग आला, आणि रागाच्या आतून बरंही वाटलं.

"बैल कुठं हाईत आता फेडायला?"

"बैल नाय. मी हाय. जोडीचे दोन दिस, माझे एकल्याचे चार धर. लावणीला येतो."

"पाठ धरील तुमची."

"धरू दे."

धोंडूबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग वर नव्या आढ्याकडे पाहिलं, आणि भाकरी मोडली. पहिली संपली, दुसरी संपली, तिसरीला तिने स्वतःच हात पुढे केला. चार दिवसांची भूक होती. आनंदीबाई वाढता वाढता डोळे पुसत होती आणि चुलीच्या धुराला बोल लावत होती. चूल तेव्हा विझलेली होती.

टीचर लंगडत जवळ आल्या. "आजी, आपला नियम?"

"नियम तुमचा चांगला हाय, टीचर. पन न जेवता घर पुरं होत नाय." धोंडूबाईने अर्धी भाकरी पुढे केली. "घ्या. ही चव्वेचाळिसात धरत नाय."

पुस्तकात नसलेलं उत्तर पोराने बरोबर काढून आणावं तसं टीचरनी त्या भाकरीकडे पाहिलं. आजूबाजूला कोण बघतंय का, तेही पाहिलं. मग गुडघा सांभाळत खाली बसल्या आणि घेतली.

जुलैत मालोजी चार दिवस आला. वॉचमनच्या खुर्चीत बसून बसून त्याची कंबर वाकायची विसरली होती. त्याने लावलेल्या ओळी टीचरच्या कौलांपेक्षा वाकड्या होत्या. धोंडूबाईने एकही रोप उपटून सरळ केलं नाही. दुपारी बांधावर त्याला जेवू घातलं, आणि वाडीला दिसावं म्हणून भाकऱ्यांची टोपली डोक्यावरून मिरवत नेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरावरून ती तरतर चालत गेली.

आता तिची काळजी एकच. चव्वेचाळिसातले चार गेले, चाळीस उरले. कॅम्प वर्षातून चार दिवसांचा. म्हणजे अजून दहा उन्हाळे. ती मोकळी होईल तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची असेल, आणि त्याबद्दल तिला काही शंका नाही. शंका आहे ती पलीकडच्या बाजूची. दर पंधरा दिवसांनी ती हर्षलाला फोन लावायला सांगते.

"गुडघा कसा हाय, टीचर?"

"दुखतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. बघू पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी नाय, आताच करून घ्या. मी ठणठणीत हाय. घेनारी टिकाय पायजे."